दर दसऱ्याला मुका होणारा काटा : लिनक्सवर लॅपटॉपचे पीसी कार्ड पुन्हा पुन्हा का हरवते

राळेगाव तालुक्यातील एका कापसाच्या जिनिंगमध्ये ट्रक आणि मेटॅडोर तोलण्याचा मोठा काटा आणि रुईच्या गाठी तोलण्याचा लहान काटा, असे दोन्ही एकाच जुन्या लॅपटॉपला जोडलेले आहेत. लॅपटॉपला नऊ पिनांचा सिरीयल पोर्ट एकच असल्याने त्यावर गाठींचा काटा आहे, आणि मोठ्या काट्यासाठी बाजूच्या खाचेत सिरीयल पोर्टचे पीसी कार्ड बसवलेले आहे. यंत्रावर ३२ बिटांचे डेबियन १२ हे लिनक्स चालते. मार्च-एप्रिलमध्ये हंगाम आटोपला की हा लॅपटॉप कपाटात जातो, आणि शिवारात सीतादहीची पूजा होऊन पहिला वेचा घरी येऊ लागला की बाहेर निघतो. सलग तीन वर्षे तो बाहेर निघाल्यावर मुनीमजींचा मला तोच फोन आला : "कार्ड तं टाकलं भाऊ, पण काटा काही बोलून नाही राहिला."

पहिल्या दोन्ही वर्षी मी जे केले ते सांगण्यासारखे नाही, पण सांगतो, कारण अनेक जण तेच करतात. पेन ड्राइव्ह लावला आणि डेबियन पुन्हा नव्याने बसवले. काटा बोलू लागला, मी पैसे घेतले आणि निघालो. तिसऱ्या वर्षी पेन ड्राइव्ह घरी राहिला होता, बाहेर गाड्यांची रांग लागली होती, आणि हाताशी संदेश वाचण्यावाचून दुसरे काही नव्हते. त्या दिवशी लक्षात आले की "कार्ड चालत नाही" ही एक तक्रार नसून पाच वेगवेगळ्या तक्रारी आहेत. खाचेमागची चिप दिसत नाही, चिप दिसते पण तिला इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधण्याची खूण) किंवा पत्ते मिळालेले नाहीत, कार्ड ओळखले जात नाही, ओळखले जाते पण त्याला ड्रायव्हर लागत नाही, आणि ड्रायव्हर लागूनही आपला प्रोग्रॅम भलत्याच पोर्टवर कान लावून बसतो. यांपैकी आपण कोणत्या पायरीवर अडलो आहोत हे ठरवल्याशिवाय ड्रायव्हर शोधत बसणे म्हणजे विहिरीत पाणी आहे की नाही हे न बघता मोटर बदलण्यासारखे आहे.

पुढे आज्ञांची आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या इंग्रजी अक्षरांत टंकावीत.

सर्वांत आधी कार्ड हातात घेऊन बघावे. जुन्या खाचेत दोन प्रकारची कार्डे जातात आणि दोन्हींना ६८ पिनांचीच जोडणी असते. १६ बिटांचे पीसी कार्ड, ज्याला लोक अजूनही पीसीएमसीआयए कार्ड म्हणतात, आणि ३२ बिटांचे कार्डबस. कार्डबस कार्डाच्या जोडणीच्या कडेला बारीक उंचवटे असलेली सोनेरी धातूची पट्टी असते. १६ बिटांच्या कार्डाला ती नसते. हा फरक ध्यानात ठेवण्याचे कारण असे की कार्डबस कार्ड प्रत्यक्षात पीसीआय या संगणकाच्या आतल्या जोडणीवरचे उपकरण असल्याने 'एलएसपीसीआय' या आज्ञेच्या यादीत दिसते, तर १६ बिटांचे कार्ड त्या यादीत कधीच दिसत नाही. ते 'पीसीकार्डसीटीएल आयडेंट' किंवा 'एलएसपीसीएमसीआयए' या आज्ञांनी दिसते, आणि या दोन्ही आज्ञा 'पीसीएमसीआयएयुटिल्स' या पॅकेजमधून येतात. चांगली कार्डे एलएसपीसीआयमध्ये न दिसल्यामुळे मेलेली ठरवून फेकून दिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. तिसरा प्रकार एक्सप्रेसकार्डचा आहे. ते ३४ किंवा ५४ मिलिमीटर रुंद असते, त्याला २६ पिना असतात आणि जुन्या खाचेशी त्याचा काहीही संबंध नाही. दुकानदाराने "लॅपटॉपचं कार्ड" म्हणून दिलेले ३४ मिलिमीटरचे कार्ड जुन्या खाचेत आत सरकते, पण जुळत मात्र कोठेच नाही.

जिनिंगमधले कार्ड १६ बिटांचे होते. एलएसपीसीआयने कार्डबस ब्रिज, म्हणजे खाचेमागची चिप, दाखवला; तेव्हा पहिली पायरी ठीक होती. 'डीमेसेज' या आज्ञेने कर्नलचे संदेश काढले (डेबियनवर त्यासाठी आता रूट किंवा सुडो लागते) तर येंटा या ब्रिजच्या ड्रायव्हरला तो सापडल्याची आणि शून्य क्रमांकाच्या खाचेत पीसीएमसीआयए कार्ड घातले गेल्याची नोंद स्पष्ट होती. पीसीकार्डसीटीएल आयडेंटने कार्डाचे नावही वाचून दाखवले. एवढ्यावर तीन पायऱ्या दोन मिनिटांत पार झाल्या. चौथीही पार झाली, कारण सिरीयल-सीएस हा ड्रायव्हर कार्डाला लागलेला होता आणि एक टीटीवायएस पोर्ट (लिनक्स सिरीयल पोर्टला हे नाव देते) तयार झाला होता. मग काटा मुका का?

कर्नलच्या त्याच नोंदीत उत्तर होते, फक्त मी गेली दोन वर्षे ती ओळ वाचलीच नव्हती. सिरीयल-सीएस ड्रायव्हर कार्डासाठी आयओ पत्ता शोधताना ३एफ८, २एफ८, ३ई८ आणि २ई८ हे चार परंपरागत पत्ते याच क्रमाने मागून पाहतो, आणि जो पहिला मोकळा मिळेल तो घेतो. या चार पत्त्यांना टीटीवायएस-शून्य ते टीटीवायएस-तीन ही नावे ठरलेली आहेत. लॅपटॉपच्या अंगच्या पोर्टने ३एफ८ घेतलेला असल्यामुळे कार्डाला २एफ८, म्हणजे टीटीवायएस-एक मिळायला हवे होते, आणि वजनाच्या प्रोग्रॅममध्ये तेच लिहिलेले होते. या वेळी मात्र २एफ८ वर आधीच दुसरा एक पोर्ट बसलेला होता, म्हणून कार्ड पुढच्या पत्त्यावर, टीटीवायएस-दोनवर गेले होते. २एफ८ वर बसलेला तो पाहुणा म्हणजे लॅपटॉपच्या कडेला काळ्या काचेमागे असलेला इन्फ्रारेड पोर्ट, जो त्या जिनिंगमध्ये कोणी जन्मात वापरलेला नाही. लिनक्सच्या दृष्टीने तो साधा सिरीयल पोर्टच असतो. आमचा प्रोग्रॅम तो पोर्ट कसलीही चूक न दाखवता उघडत होता आणि काट्याऐवजी हवेतून येणाऱ्या प्रकाशाची वाट बघत होता. चूक दाखवली असती तर मी पहिल्याच वर्षी शोधली असती. निमूटपणे गप्प बसणारा दोष सगळ्यांत जास्त वेळ खातो.

खात्री करण्यासाठी प्रोग्रॅम बंद केला, 'एसटीटीवाय' या आज्ञेने टीटीवायएस-दोनचा वेग काट्याच्या इंडिकेटरवर ठरवलेल्या २४०० वर आणला आणि 'कॅट' या आज्ञेने पोर्ट उघडा ठेवला. चौकीदाराला काट्यावर उभे केले. १० किलोच्या टप्प्याने मोजणारा तो काटा असल्याने पडद्यावर एकाखाली एक ७० चे आकडे पडू लागले, आणि तो खाली उतरताच शून्ये. तार, इंडिकेटर आणि कार्ड तिन्ही ठणठणीत होते.

आता खरा प्रश्न होता तो हे दरवर्षी का होते, हा. इन्फ्रारेड पोर्ट बायोसमधून, म्हणजे लॅपटॉपच्या अंगच्या मूळ सेटिंगमधून, बंद करायचा असतो आणि मी तो दोन्ही वर्षी बंद केलेला होता, कारण डेबियन बसवताना पेन ड्राइव्हवरून सुरुवात व्हावी म्हणून बायोसमध्ये शिरावे लागते आणि तिथे गेलो की न लागणाऱ्या गोष्टी बंद करण्याची मला खोड आहे. म्हणजे काटा दुरुस्त झाला होता तो त्या खोडीमुळे, आणि मी श्रेय देत आलो होतो नव्याने बसवलेल्या डेबियनला. तरीही बंद केलेला पोर्ट वर्षभरात आपोआप चालू कसा होत होता?

मुनीमजींनी चाचणीची म्हणून काढलेली वजनाची पावती टेबलावर पडली होती. बाहेर दसरा तोंडावर आलेला, आणि पावतीवर तारीख एप्रिलची. काट्याच्या खोलीत इंटरनेट नाही, तेव्हा घड्याळ आपोआप जुळण्याचा प्रश्नच नव्हता. सिस्टिमडीची टाइमसिंक सेवा चालू असताना वेळ अधूनमधून डिस्कवर लिहून ठेवते आणि पुढच्या सुरुवातीला घड्याळ त्याहून मागे असेल तर त्या नोंदीपर्यंत पुढे आणते. म्हणून पडद्यावर गेल्या हंगामातला शेवटचा दिवस दिसत होता आणि चटकन संशय येत नव्हता. बायोसमध्ये जाऊन पाहिले तेव्हा तिथले साल लॅपटॉप कारखान्यातून निघाला त्या काळचे होते. बायोसच्या आठवणीला जपणारा नाण्याएवढा सेल संपला होता. हंगामभर अडॅप्टर जोडलेला असल्याने ठेवणी (सेटिंग) टिकत होत्या. कपाटातल्या सहा महिन्यांत, त्यातही आपल्याकडच्या मे महिन्यात, लॅपटॉपची मोठी बॅटरी रिकामी होऊन आधार सुटला की बायोस मूळच्या ठेवणीवर परत जात होते, आणि मूळ ठेवणीत इन्फ्रारेड चालू होता.

सेल बहुधा सीआर-२०३२ जातीचाच असतो, पण अनेक लॅपटॉपांत तो नुसता खोबणीत बसवलेला नसून दोन तारा आणि लहानसा प्लग जोडून वर प्लॅस्टिक गुंडाळलेला असतो. बाजारातल्या घड्याळवाल्याकडचा सुटा सेल तिथे चालत नाही. जुन्या सेलच्या तारा काढून नव्यावर डाग देऊन चिकटवण्याचा उद्योग करू नये, कारण लिथियमचा सेल थेट तापवणे धोक्याचे आहे. तारांसकट तयार मिळणारा घ्यावा. मी नागपूरला सीताबर्डीवर गेलो असता आणला. सेल बदलून बायोसमधली तारीख नीट केली, इन्फ्रारेड बंद केला आणि ठेवणी जतन केल्या.

एवढ्यावर थांबणे मला पटले नाही, कारण सेल पुन्हा कधीतरी संपणारच. प्रोग्रॅमने पोर्टच्या क्रमांकावर विसंबूच नये यासाठी युडेव्हचा, म्हणजे उपकरणांना नावे देणाऱ्या लिनक्सच्या सेवेचा, एक नियम लिहिला. ईटीसीमधील युडेव्हच्या रूल्स-डी या फोल्डरात ७० ने सुरू होणाऱ्या नावाची एक फाइल केली आणि तिच्यात एकच ओळ घातली : सबसिस्टिम टीटीवाय असेल आणि वरच्या साखळीतल्या एखाद्या उपकरणाचा ड्रायव्हर सिरीयल-सीएस असेल, तर 'मोठाकाटा' या नावाची सिमलिंक (त्याच पोर्टचे दुसरे नाव) तयार व्हावी. साखळीत वर शोधायचे असल्याने किल्लीचे नाव अनेकवचनी 'ड्रायव्हर्स' असे लिहावे लागते; एकवचनी 'ड्रायव्हर' लिहिले तर नियम फक्त त्या उपकरणापुरता बघतो आणि जुळत नाही. या एका अक्षराने माझा अर्धा तास खाल्ला. युडेव्हला नियम पुन्हा वाचायला लावले, कार्ड काढून घातले आणि प्रोग्रॅममध्ये डेव्ह खालील मोठाकाटा हेच नाव दिले. आता कार्ड एकवर जावो, दोनवर जावो, प्रोग्रॅमला फरक पडत नाही. प्रोग्रॅम चालवणारा वापरकर्ता 'डायलआउट' गटात असावा लागतो, हेही याच वेळी तपासून घ्यावे. मोडेममॅनेजर नावाची सेवा बसवलेली असेल आणि मोडेम वापरायचा नसेल तर ती बंद करावी, कारण ती नव्या सिरीयल पोर्टला मोडेम समजून त्याच्याशी बोलणी सुरू करू शकते आणि काट्याच्या इंडिकेटरला ती भाषा कळत नाही.

आमची अडचण पाचव्या पायरीवरची होती. तुमची खालच्या पायरीवर असेल तर पुढील खुणा बघाव्यात.

पीसीकार्डसीटीएल आयडेंटने खाच दाखवली, पण कार्डाच्या जागी 'उत्पादनाची माहिती उपलब्ध नाही' अशा अर्थाची ओळ दिली, तर कार्डावरची स्वतःची माहितीच वाचता आलेली नाही असे समजावे. जिनिंगच्या आवारात याचे पहिले कारण सॉफ्टवेअर नसते. रुईचा तंतू हवेत तरंगत असतो, खाचेच्या झडपेतून आत जातो आणि कार्ड घालताना पिनांच्या मुळाशी दाबला जातो. लॅपटॉप बंद करून, अडॅप्टर आणि बॅटरी दोन्ही काढून, टॉर्चच्या उजेडात खाचेत डोकावले की ३४-३४ पिनांच्या दोन ओळींमध्ये पांढुरका, गोधडीच्या कापसासारखा थर दिसतो. तो मऊ कोरड्या ब्रशने सरळ बाहेर ओढावा, आडवा घासू नये, नाहीतर पिन वाकते. फुंकर मारू नये. तोंडाची वाफ आणि सरकीची धूळ मिळून जो लेप बसतो तो नंतर निघत नाही. खाच स्वच्छ असूनही ही ओळ येत राहिली तर ईटीसीमधील पीसीएमसीआयए फोल्डरातली 'कॉन्फिग डॉट ऑप्ट्स' फाइल उघडून कार्डासाठी राखलेल्या मेमरी आणि पोर्टच्या पट्ट्यांपैकी एखादी दुसऱ्या उपकरणाशी भिडते आहे का ते पाहावे आणि भिडणारी पट्टी वगळावी.

कर्नलच्या संदेशात 'पीसीआय आयआरक्यू नाही, म्हणून या सॉकेटसाठी कार्डबस बंद' अशा अर्थाची ओळ (आयआरक्यू म्हणजे इंटरप्टचा क्रमांक) आणि तिच्यामागोमाग बायोस तपासण्याची सूचना आली तर ती शब्दशः पाळावी. बायोसमधील कार्डबस, आयआरक्यू आणि एसीपीआयच्या ठेवणी आधी बघाव्यात, म्हणजे पुन्हा त्याच संपलेल्या सेलपाशी आपण येऊन पोचण्याची शक्यता आहे. तिथे काही सापडले नाही तरच 'पीसीआय=नोएसीपीआय' हा कर्नल पर्याय ग्रबच्या (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सुरुवातीच्या ओळीत एकदा तात्पुरता देऊन पाहावा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ब्रिजवर इंटरप्ट मिळालाच नाही तर त्याच ड्रायव्हरच्या संदेशात 'फिश, प्लीज रिपोर्ट' असे शब्द येतात. लिहिणाऱ्याला मासळी का आठवली ते तोच जाणे, पण अर्थ इंटरप्ट हरवल्याचाच आहे.

कार्डबस कार्ड घातल्याची नोंद येते, पण एलएसपीसीआयमध्ये ते उगवत नाही, अशा वेळी बायोसने ब्रिजच्या पलीकडच्या बसला क्रमांक दिलेला नसण्याचा संभव असतो. येंटा ड्रायव्हर पुष्कळदा तो स्वतः वाढवून घेतो आणि तशी नोंद करतो. तसे झाले नाही तर 'पीसीआय=असाइन-बसेस' हा पर्याय उपयोगी पडतो. माझ्या हाताखालून गेलेल्या यंत्रांत तो दोनदा लागला, आणि दोन्ही वेळा कार्ड यूएसबी पोर्टचे होते. यूएसबीच्या कार्डाबाबत आणखी एक : खाचेतून मिळणारा प्रवाह मर्यादित असतो, त्यामुळे त्यावर बाहेरची हार्ड डिस्क लावली की ती टकटक करून बंद पडते. कार्डाच्या कडेला वेगळ्या विजेसाठी छिद्र असते ते याचसाठी.

एक्सप्रेसकार्डची तऱ्हा वेगळी, कारण त्यात मध्ये ब्रिज चिप नसते. कार्ड पीसीआय एक्सप्रेस तरी वापरते किंवा यूएसबी तरी. म्हणून एलएसपीसीआय आणि 'एलएसयूएसबी' दोन्ही पाहावे. मोबाइल इंटरनेटची बहुतेक कार्डे दुसऱ्या यादीत सापडतात. कार्ड घालून लॅपटॉप सुरू केला तर चालते आणि चालू लॅपटॉपमध्ये घातले तर चालत नाही, ही खूण असेल तर ड्रायव्हर ठीक आहे आणि अडचण फक्त चालू असताना जोडण्याची आहे. सिसफाइलसिस्टिममधील पीसीआय बसच्या 'रीस्कॅन' या फाइलीत एक हा आकडा लिहून पाहावा.

लॅपटॉप झोपवून उठवल्यावर कार्ड गप्प होत असेल तर 'पीसीकार्डसीटीएल इजेक्ट' आणि मागोमाग 'पीसीकार्डसीटीएल इन्सर्ट' चालवावे. हाताने कार्ड ओढून काढण्याची गरज नसते. त्यानंतर पोर्ट वापरणारा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडावा लागतो. काट्यावरच्या लॅपटॉपात मी झाकण मिटल्यावर झोपण्याची सोयच बंद करून टाकली आहे.

यूएसबी-ते-सिरीयल तार का घेत नाही, असे मला नेहमी विचारले जाते. कार्ड खरोखर जळले असेल तर ती जरूर घ्यावी. पावसाळ्यात वीज पडून किंवा अर्थिंग नसलेल्या खोलीत चालू इंडिकेटरची तार जोडताना कार्डे जळतात, आणि त्यावर कोणतीही आज्ञा चालत नाही. या लॅपटॉपच्या दोन यूएसबी पोर्टांपैकी एकावर पावतीचा प्रिंटर आणि दुसऱ्यावर वजनाच्या प्रोग्रॅमचा डोंगल असल्याने मला कार्ड सोपे पडले, इतकेच.

यंत्र चालू लागल्यावर डेबियनची पुढची आवृत्ती चढवण्याचा मोह आवरावा. २०२५ साली आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटांच्या पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल दोन्ही नाहीत, आणि मूळ लिनक्स कर्नलमधूनही जुन्या पीसी कार्डांचे, विशेषतः जुन्या वायरलेस कार्डांचे, बरेच ड्रायव्हर गेल्या काही वर्षांत काढून टाकलेले आहेत. जिनिंगमधल्या यंत्रावरचे कर्नल पॅकेज म्हणून 'एपीटी-मार्क होल्ड' या आज्ञेने अडवून ठेवले आहे. ते यंत्र इंटरनेटवर जात नाही म्हणून हे चालते. ज्यांचे जाते त्यांनी तसे करू नये.